सही नसलेले शब्द : अमेरिकी राज्यघटनेच्या निनावी विरोधकांचे लेखन

१

१७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर ३९ प्रतिनिधींच्या सह्या झाल्या. सर्वांत वर परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही होती. सह्या करणाऱ्यांत ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिनही होते. जवळजवळ चार महिने ही परिषद बंद दारांआड चालली होती. तिच्या कामात या ना त्या काळात ५५ जणांनी भाग घेतला होता. काही मध्येच निघून गेले होते, आणि जॉर्ज मेसन, एडमंड रँडॉल्फ व एल्ब्रिज गेरी या तिघांनी शेवटच्या दिवशी हजर असूनही सही करण्याचे नाकारले होते.

त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २७ सप्टेंबरला, 'न्यूयॉर्क जर्नल'मध्ये 'केटो' या नावाने एक पत्र प्रसिद्ध झाले. ५ ऑक्टोबरला फिलाडेल्फियाच्या 'इंडिपेंडंट गॅझेटिअर'मध्ये 'सेंटिनल' अवतरला. १८ ऑक्टोबरला 'न्यूयॉर्क जर्नल'मध्येच 'ब्रुटस'च्या सोळा निबंधांपैकी पहिला निबंध आला. नोव्हेंबरमध्ये 'फेडरल फार्मर'ची पत्रे पुस्तिकेच्या रूपाने विक्रीस आली आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 'अग्रिप्पा' लिहू लागला. पुढील दहा महिने चाललेल्या या वादात राज्यघटनेच्या विरोधकांचे बहुतेक महत्त्वाचे लेखन असे टोपणनावांखाली झाले. एका बाजूला सह्यांनिशी मान्यता मागणारी एक संहिता, आणि दुसऱ्या बाजूला त्या संहितेचे शब्दशः वाचन करणारे, पण स्वतःची सही न देणारे लेखक, असे या वादाचे रूप आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यातील सिद्धान्तांची पुष्कळ चर्चा केली आहे. वाचनाची एक कृती म्हणून या लेखनाकडे पाहिल्यास त्याचे वेगळेच महत्त्व जाणवते. सही असलेल्या संहितेने जे निनावी ठेवले होते, त्याला नाव देण्याचे काम या निनावी लेखकांनी केले.

२

या विरोधाची पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घेतली पाहिजे. १७८१ पासून अमल सुरू झालेल्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'नुसार तेरा राज्ये एका सैल बंधनाने बांधलेली होती. मध्यवर्ती काँग्रेसमध्ये प्रत्येक राज्याला एक मत होते; तिला कर बसविण्याचा अधिकार नव्हता; आणि कोणतीही दुरुस्ती करावयाची तर तेराही राज्यांची संमती आवश्यक होती. युद्धाचे कर्ज फिटत नव्हते. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनिएल शेज याच्या नावाने ओळखला जाणारा उठाव केला, तेव्हा मालमत्ताधारक वर्ग धास्तावला. फिलाडेल्फियाची परिषद जुन्या करारात सुधारणा सुचविण्यासाठी बोलाविली गेली होती. तिने तो करारच बाजूला सारून करवसुली, सैन्य आणि सर्वोच्च न्यायालय असलेल्या बलवान केंद्राची नवी योजना मांडली, आणि ती नऊ राज्यांच्या संमतीने अमलात येईल असेही स्वतःच ठरविले.

विरोधकांची पहिली हार झाली ती नावाच्या बाबतीत. 'फेडरल' या शब्दाचा त्या काळचा रूढ अर्थ राज्यांच्या परस्पर कराराशी निगडित होता. त्या अर्थाने पाहता जुन्या करारातील राज्यांचे स्वत्व जपू पाहणारे विरोधक हेच 'फेडरल' म्हणविण्यास अधिक पात्र होते. पण राज्यघटनेच्या पुरस्कर्त्यांनी 'फेडरलिस्ट' हे नाव आधीच उचलले आणि विरोधकांच्या वाट्याला 'अँटी-फेडरलिस्ट' हे नकारार्थी नाव आले. एका लेखकाने 'फेडरल फार्मर' हे नाव धारण केले, त्यामागे हा हिरावलेला शब्द परत मिळविण्याचा प्रयत्न उघड दिसतो. १७८९ मध्ये पहिल्या काँग्रेसमध्ये बोलताना गेरी यांनी याच गोष्टीवर बोट ठेवले. एक पक्ष मान्यता देण्याच्या बाजूचा आणि दुसरा विरुद्ध बाजूचा, एवढाच खरा भेद असल्यामुळे 'रॅटिफाय' या क्रियापदावरून त्यांना 'रॅट' आणि 'अँटिरॅट' म्हणावे, अशी त्यांची सूचना होती. इंग्रजीत 'रॅट' म्हणजे उंदीर हे ध्यानात घेतले म्हणजे या विनोदामागची कडवट भावना कळते.

३

टोपणनावाने राजकीय लेखन करण्याची प्रथा या लेखकांनी निर्माण केलेली नव्हती. इंग्लंडमध्ये १७२० ते १७२३ या काळात ट्रेंचर्ड आणि गॉर्डन यांनी 'केटो'च्या नावाने लिहिलेली पत्रे अमेरिकी वसाहतींत घरोघर वाचली जात होती. १७६७-६८ मध्ये जॉन डिकिन्सन यांनी पेनसिल्व्हानियातील एका शेतकऱ्याच्या भूमिकेतून ब्रिटिश करांविरुद्ध पत्रे लिहिली. टॉमस पेन यांचे 'कॉमन सेन्स' जानेवारी १७७६ मध्ये निघाले तेव्हा त्यावरही लेखकाचे नाव नव्हते. राज्यघटनेच्या समर्थकांनीही हीच प्रथा पाळली. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी लिहिलेले ८५ निबंध 'पब्लियस' या एकाच नावाने प्रसिद्ध झाले. राजेशाही गेल्यानंतर रोमन प्रजासत्ताकाचा पाया घालणाऱ्या पब्लियस व्हॅलेरियसचे ते नाव होते. त्याच्या समोर ब्रुटस उभा ठाकला. हे नाव राजांना घालवून देणाऱ्या एका रोमन पुरुषाचे आणि सीझरचा वध करणाऱ्या दुसऱ्याचेही. एक नाव राज्य स्थापणाऱ्याचे आणि दुसरे सत्ता एकवटू पाहणाऱ्याविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्याचे. प्राचीन इतिहास जाणणाऱ्या वाचकाला टोपणनाव वाचताच लेखाचा पक्ष कळत असे.

प्रथा दोन्ही बाजूंची असली तरी तिचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखा नव्हता. राज्यघटनेच्या पाठीशी वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन ही दोन नावे होती, आणि या माणसांनी जे मान्य केले ते चुकीचे कसे असेल, हा युक्तिवाद रस्त्यारस्त्यावर ऐकू येत होता. 'सेंटिनल'ने पहिल्याच पत्रात या युक्तिवादाला हात घातला. वॉशिंग्टन यांना राजकारणाच्या या बाजूचा पुरेसा अनुभव नाही आणि फ्रँकलिन वयाने थकले आहेत, म्हणून त्यांची सही हा मसुद्याच्या योग्यतेचा पुरावा होऊ शकत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ही उद्धट भाषा अनेकांना झोंबली. पण तिच्यामागे एक तत्त्व होते. संहितेचे मोल सही करणाऱ्याच्या मोठेपणावरून ठरवू नये, तिच्यातील शब्दांवरून ठरवावे. लेखक स्वतः नाव देत नाही, तेव्हा तो हीच कसोटी स्वतःच्या लेखनालाही लावून घेत असतो.

या तत्त्वाची किंमतही होती. २९ सप्टेंबर १७८७ रोजी पेनसिल्व्हानियाच्या विधानसभेत गणसंख्या अपुरी पडावी म्हणून विरोधी सदस्य गैरहजर राहिले. तेव्हा त्यांच्यापैकी दोघांना जमावाने त्यांच्या मुक्कामावरून ओढून आणून सभागृहात बसविले आणि राज्य-अधिवेशन बोलाविण्याचा ठराव संमत झाला. बोस्टनमध्ये 'मॅसॅच्युसेट्स सेंटिनल'चे मुद्रक बेंजामिन रसेल यांनी ऑक्टोबरमध्ये जाहीर केले, की राज्यघटनेविरुद्धचे लेखन छापावयाचे असेल तर लेखकाने आपले खरे नाव छापखान्यात ठेवले पाहिजे आणि मागणी झाल्यास ते लोकांपुढे आणले जाईल. समर्थक लेखकांना अशी अट नव्हती. टीकाकाराचे नाव कळले की टीकेला उत्तर देण्याची गरज उरत नाही, हे या अटीमागील गणित होते. २६ जुलै १७८८ रोजी न्यूयॉर्क राज्याने ३० विरुद्ध २७ मतांनी मान्यता दिल्यानंतर एका जमावाने 'न्यूयॉर्क जर्नल'चे मुद्रक टॉमस ग्रीनलीफ यांच्या छापखान्यावर हल्ला चढविला. लेखक अज्ञात असल्यामुळे मार मुद्रकाला खावा लागला.

४

या लेखकांचे खरे सामर्थ्य त्यांच्या वाचनात आहे, आणि त्याचा उत्तम नमुना ब्रुटसच्या तिसऱ्या निबंधात सापडतो. हा निबंध १५ नोव्हेंबर १७८७ चा. प्रतिनिधिगृहातील जागा राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून देण्याचे कलम त्याने समोर घेतले आहे. त्या कलमात आधी स्वतंत्र व्यक्तींची संख्या धरली आहे. ठरावीक मुदतीसाठी नोकरीस बांधलेल्यांचा तीत समावेश केला आहे आणि कर न देणारे इंडियन वगळले आहेत. शेवटी 'इतर सर्व व्यक्तीं'चा तीनपंचमांश भाग त्या संख्येत मिळविला आहे. या 'इतर व्यक्ती' म्हणजे गुलाम. मूळ राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द कोठेही नाही. ब्रुटस विचारतो, की चार शब्दांत सांगता येण्याजोगी गोष्ट सांगण्यासाठी एवढ्या शब्दांचा ढीग कशाला रचला? ती लोकांच्या नजरेआड राहावी म्हणूनच, हे त्याचे उत्तर आहे. मग तो स्वतःच ते कलम सरळ भाषेत मांडून दाखवितो : पाच गुलाम म्हणजे तीन स्वतंत्र माणसे, असा हा हिशेब आहे. ज्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नाही त्यांच्या संख्येच्या बळावर त्यांच्या मालकांनी अधिक प्रतिनिधी मिळवावेत, हे कोणत्या न्यायात बसते, असा त्याचा पुढचा प्रश्न आहे.

हा शब्द का वगळला गेला याचे दुसरे स्पष्टीकरणही उपलब्ध आहे. माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना राज्यघटनेत मान्य करणे चुकीचे ठरेल, असे मॅडिसन यांनी परिषदेत म्हटल्याचे त्यांच्याच टिपणांत नोंदले आहे. ही टिपणे १८४० मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रुटसच्या वाचकांपुढे ती असणे शक्य नव्हते. म्हणजे एकाच रिकाम्या जागेचे दोन अन्वयार्थ होतात. एकात मौन हा नैतिक संकोच आहे, दुसऱ्यात ते लपविणे आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असणे अशक्य नाही. वाचकाच्या हाती मात्र संहिताच होती, आणि संहितेने जे झाकले ते उघडे करणे हे वाचकाचे काम आहे, असे ब्रुटसने मानले.

हीच पद्धत त्याने अन्यत्र वापरली आहे. काँग्रेसला आपले अधिकार अमलात आणण्यासाठी 'आवश्यक व उचित' ते सर्व कायदे करता येतील, या तरतुदीतील विशेषणे इतकी अनिश्चित आहेत, की त्यांच्या आधारे राज्यांची शासने नाममात्र उरतील, असे त्याने पहिल्याच निबंधात दाखविले. प्रास्ताविकातील 'आम्ही लोक' या शब्दांवर नंतरच्या निबंधांत त्याने असा अभिप्राय दिला, की हा राज्यांचा संघ नसून एकच देह मानलेल्या सर्व लोकांचा संघ आहे. जून १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या अधिवेशनात पॅट्रिक हेन्री यांनी उघडपणे विचारलेला प्रश्नही हाच होता : या मंडळींना 'आम्ही लोक' असे म्हणण्याचा अधिकार कोणी दिला? या शब्दांना स्वतःचा इतिहासही आहे. ऑगस्टमधील मसुद्यात 'लोक' या शब्दापुढे तेराही राज्यांची नावे होती. कोणती राज्ये मान्यता देतील हे अनिश्चित असल्यामुळे शेवटच्या संस्करणात ती गाळली गेली. एका व्यावहारिक अडचणीतून आलेल्या शब्दयोजनेतून राष्ट्राचा एकवचनी कर्ता जन्माला आला.

३१ जानेवारी १७८८ पासून ब्रुटसने न्यायसंस्थेकडे लक्ष वळविले. राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा अखेरचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडे जाईल, तेथील न्यायाधीश शब्दांपुरते न थांबता राज्यघटनेच्या 'आशया'नुसार निर्णय देतील, त्यांची चूक दुरुस्त करणारी कोणतीही सत्ता त्यांच्यावर नसेल, आणि त्यांचा कल केंद्राचे अधिकार वाढविण्याकडे राहील, हे त्याचे निदान होते. हॅमिल्टन यांनी मे महिन्याच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ७८व्या निबंधात न्यायसंस्था ही तिन्हींत दुर्बळ असल्याचे सांगून हा मुद्दा खोडण्याचा प्रयत्न केला. तथापि न्यायालय कायदा राज्यघटनाविरोधी ठरवू शकते, हे दोघांनाही मान्य होते. १८०३ मध्ये 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' खटल्यात न्यायालयाने हा अधिकार प्रत्यक्ष वापरला. वाद अधिकार आहे की नाही याविषयी नव्हता. अर्थ लावणाऱ्याचा अर्थ कोणी तपासावयाचा, याविषयी होता.

५

या निनावी लेखनाचे मोल सांगताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. ब्रुटस उत्तरेतील होता. दक्षिणेतील विरोधकांची स्थिती निराळी होती. मेसन आणि हेन्री स्वतः गुलामांचे मालक होते, आणि बलवान केंद्र उद्या गुलामांना मुक्त करील ही भीती हेन्री यांनी व्हर्जिनियाच्या अधिवेशनात बोलून दाखविली. राज्यांच्या हक्कांचा युक्तिवाद पुढील सत्तर वर्षांत गुलामीच्या रक्षणाची ढाल बनला. राज्यघटनेत 'गुलामगिरी' हा शब्द प्रथम आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती प्रथा संपविण्यासाठी. आणि त्यासाठी केंद्राला यादवी युद्ध जिंकावे लागले. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, तो या घटनेला उद्देशून. केंद्रसत्तेविरुद्धचा प्रत्येक आवाज स्वातंत्र्याचाच असतो असे गृहीत धरणाऱ्या वाचकाने ही अर्पणपत्रिका विसरू नये.

दुसरी मर्यादा निनावीपणाच्या स्वरूपातच आहे. रोमन नाव घेऊन लिहिण्यासाठी रोमचा इतिहास माहीत असावा लागतो. ज्यांना लिहिता-वाचता येऊ नये अशी व्यवस्था होती, त्यांना टोपणनावही परवडत नव्हते. मात्र या प्रथेने एका व्यक्तीला वाट मोकळी करून दिली. फेब्रुवारी १७८८ मध्ये बोस्टनला 'कोलंबियन पॅट्रियट' या नावाने एक पुस्तिका निघाली. हक्कांची सनद नाही, वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी नाही, असे तिचे आक्षेप होते. ती दीर्घकाळ गेरी यांची समजली जात असे. मर्सी ओटिस वॉरन या तिच्या लेखिका होत, हे १९३०च्या दशकात पत्रव्यवहाराच्या आधारे पुढे आले. १८०५ मध्ये त्यांनी अमेरिकी क्रांतीचा तीन खंडी इतिहास स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला; पण १७८८ च्या रणधुमाळीत एका स्त्रीचे मत पुरुषाचे समजूनच वाचले गेले. तेव्हा तिचे नाव कळले असते, तर युक्तिवाद तोच राहूनही त्याचे वाचन बदलले असते यात शंका नाही.

६

नंतरच्या संशोधनाने मुखवटे काढण्यावर फार श्रम खर्च केले आहेत. 'सेंटिनल' म्हणजे सॅम्युअल ब्रायन आणि 'अग्रिप्पा' म्हणजे जेम्स विन्थ्रॉप हे सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. 'फेडरल फार्मर' म्हणजे रिचर्ड हेन्री ली ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत १९७४ मध्ये गॉर्डन वुड यांनी हादरविली. ब्रुटसच्या जागी रॉबर्ट येट्स यांचे नाव नेहमी घेतले जाते. ते परिषदेतून जुलैमध्येच निघून गेले होते. मेलँक्टन स्मिथ यांचेही नाव पुढे आले आहे. निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूस नाही. पब्लियसच्या बाबतीत तर १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी साध्या अव्ययांच्या वारंवारतेवरून वादग्रस्त बारा निबंध मॅडिसन यांचे ठरविले.

ही उत्सुकता निरागस नाही. लेखकाचे नाव हे संहितांना एकत्र बांधणारे, त्यांना दर्जा देणारे आणि अर्थाला लगाम घालणारे एक कार्य आहे, असे मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडले. पब्लियसच्या मागून मॅडिसन आणि हॅमिल्टन प्रकट झाले, तेव्हा त्या निबंधांना राष्ट्रनिर्मात्यांच्या वचनांचा अधिकार प्राप्त झाला आणि न्यायालये त्यांचा दाखला देऊ लागली. ब्रुटसच्या मागे असा कोणी उभा राहिला नाही. १९१३ मध्ये चार्ल्स बिअर्ड यांनी सारा वाद मालमत्तेच्या हितसंबंधांत बसविला. १९५५ मध्ये सिसिलिया केन्यन यांनी विरोधकांना 'अल्पश्रद्ध' ठरविले. १९८१ मध्ये हर्बर्ट स्टोरिंग यांनी त्यांचे लेखन सात खंडांत एकत्र केले, तेव्हा कोठे ते सलगपणे वाचणे सुलभ झाले. मात्र या उपेक्षेचा एक लाभही झाला. ब्रुटसला त्याच्या चरित्रात ढकलून देणे आजही शक्य नाही. त्याच्या युक्तिवादालाच उत्तर द्यावे लागते.

विरोधक हरले. २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायर हे मान्यता देणारे नववे राज्य ठरले. परंतु मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८ आणि व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ अशा काठावरच्या बहुमतासाठी दुरुस्त्यांची शिफारस सोबत जोडावी लागली होती. ८ जून १७८९ रोजी मॅडिसन यांनीच दुरुस्त्या मांडल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांतील दहा 'हक्कांची सनद' म्हणून अमलात आल्या. निनावी लेखकांची मागणी विजेत्याच्या नावाने मान्य झाली, हे या इतिहासाचे सर्वपरिचित फलित आहे. तथापि विजेत्याने काय घेतले आणि काय वगळले, तेही पाहिले पाहिजे. व्यक्तीचे हक्क आले. केंद्राच्या करवसुलीवर मर्यादा घालणाऱ्या मागण्या बाजूला पडल्या. जुन्या करारात राज्यांनी 'स्पष्टपणे' न दिलेले अधिकार राज्यांकडेच राहतील असे म्हटले होते. दहाव्या दुरुस्तीत 'स्पष्टपणे' हा शब्द घालण्याची सूचना ऑगस्ट १७८९ मध्ये फेटाळली गेली. १८१९ मध्ये 'मॅक्‌कलक विरुद्ध मेरिलँड' खटल्यात मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी नेमक्या याच अनुपस्थितीचा आधार घेऊन केंद्राला गर्भित अधिकार असल्याचा निर्णय दिला. न गाळलेला शब्द जितका बोलतो तितकाच गाळलेलाही बोलतो, हे ब्रुटसचे वाचनसूत्र त्याच्या विरुद्ध पक्षाने वापरले आणि त्याचेच भाकीत खरे केले.

राज्यघटनेतील एका शब्दाचे असे वजन भारतीय वाचकाला अपरिचित नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'फेडरेशन'ऐवजी 'युनियन' हा शब्द जाणीवपूर्वक का योजला याचा खुलासा केला, आणि फुटून निघण्याचा अधिकार नाही हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकनांना यादवी युद्ध करावे लागले याचे स्मरण दिले. जो प्रश्न ब्रुटसने शंका म्हणून विचारला होता, त्याचे उत्तर तेथे निःसंदिग्ध शब्दांत आधीच देऊन ठेवले गेले. केंद्र किती बलवान असावे याविषयी मतभेद राहतील. सत्तेच्या संहितेतील प्रत्येक शब्दाचा आणि प्रत्येक मौनाचा जाब, ती कोणाच्या सहीने आली आहे याची भीड न धरता, विचारता आला पाहिजे, एवढे मात्र या निनावी लेखकांनी आपल्या लेखनातून सिद्ध केले. ब्रुटस कोण होता हे कळले नाही म्हणून त्या वाचनाचे काहीच उणे होत नाही.